पाठकोऱ्या वहिनी आणि सरांचा गठ्ठा

आमच्या मजल्यावर कागद टाकून द्यायची चोरी. टोपली आहे, ती रोज रिकामीही होते, पण टोपलीच्या आधी समोरच्या वहिनी आहेत. लग्नपत्रिका असो, दुकानाची जाहिरात असो, नाहीतर औषधाच्या खोक्यातून निघणारी मुंगीच्या अक्षरांतली ती लांबलचक घडी असो, वहिनी जिन्यात उभ्या राहून ती उलटी करून बघणार. मागची बाजू कोरी दिसली की पान त्यांच्या पिशवीत.

"भावजी, पाठकोरं आहे की हे! टाकवतं तरी कसं तुम्हाला?"

एका अंगाने वापरलेला आणि पाठीने कोरा राहिलेला कागद म्हणजे पाठकोरा, हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं, वहिनींनी जिन्यात शिकवलं. त्याची फेड म्हणून मी त्यांचं नाव पाठकोऱ्या वहिनी ठेवलं आणि इमारतीने ते उचलून धरलं. तोंडावर म्हटलं तरी त्या चिडायच्या नाहीत.

"ठेवा नावं. फुकट मिळतात म्हणून दोन्ही हातांनी वाटताय."

वहिनी गल्लीच्या टोकाच्या शाळेत छपाईच्या खोलीत कामाला. खोली कसली, जिन्याखालचा कोनाडा. मधल्या सुट्टीत पोरं धडधडत उतरली की वरून धूळ पडते आणि वहिनी पदराने नाही तर स्वतःच्या अंगाने यंत्र झाकतात. तिथे एक भलंमोठं छपाईचं यंत्र, कागद कापायचं लांब पातं, नव्या रिमांची थप्पी आणि एक स्टूल. स्टुलावर बसलेल्या वहिनी मात्र कोणी पाहिल्या नाहीत. स्टुलावर पाठकोऱ्या कागदांची चळत बसते, वहिनी उभ्या.

ही सगळी माहिती मला शाळेच्या शिपायांकडून मिळते. मी त्यांना घंटावाले म्हणतो. ते ठरलेल्या वेळी घंटा वाजवतात आणि उरलेल्या वेळी तोंड. आमचं दोघांचं मेतकूट जमलं ते यामुळेच. फाटकाबाहेरच्या टपरीवर एक चहा पाजला की शाळेच्या चार भिंतींतलं सगळं बाहेर येतं.

तर ते सांगायचे, वहिनींसमोर भल्याभल्या शिक्षकांची बोबडी वळते. एखादी ताई धापा टाकत येणार, "बाई, पन्नास प्रती, लगेच!"

"वर्गात मुलं किती?"

"बेचाळीस... पण असू द्या की जास्त."

"जास्तीच्या कोणाला? सासरी वाटणार आहात का चाचणी?"

ताई हसायच्या, पण प्रती बेचाळीसच मिळायच्या. त्याही आधी एक काढून, डोळ्यांखालून घालून, चूक नाही ना बघून मग बाकीच्या. टोनरची शाई संपली म्हणून यंत्राने दिवा लावला की वहिनी त्याचं नळकांडं बाहेर काढून बाळाला झोपवावं तसं हलवायच्या आणि त्यातून आणखी दोन वर्गांची गणितं छापायच्या. जुन्या कागदांच्या टाचण्या नखाने काढायच्या, कारण एक टाचणी आत गेली की यंत्राच्या पोटात दुखतं. आणि पाठकोरं पान वापरायला घ्यायच्या आधी छापलेल्या बाजूवर कोपऱ्यातून कोपऱ्यात पेन्सिलची तिरकी रेघ मारायच्या. ही बाजू झाली, आता दुसरी बघा, असा त्या रेघेचा अर्थ. शाळेत पहिलीतल्या पोरालाही तो ठाऊक.

शिक्षक कुरकुरायचे, "बाईंचं चाललं तर मुलांच्या तळहातावर छापून देतील."

आता सर. सर म्हणजे वहिनींचे यजमान. त्याच शाळेत भाषा शिकवायचे. पिढ्याच्या पिढ्या त्यांच्या लाल पेन्सिलीला घाबरून मोठ्या झाल्या. त्यांच्या लग्नाची गोष्ट मला ठाऊक आहे, अर्धी ऐकलेली, अर्धी मी रचलेली. कुठली अर्धी खरी ते वहिनी सांगत नाहीत. त्या काळी छपाईला हाताने फिरवायचं यंत्र होतं. सर चाचणी घेऊन यायचे आणि "तुम्ही कशाला, मी फिरवतो हँडल," म्हणून फिरवत बसायचे. चाचणी एका वर्गाची, हँडल चाललंय तास संपेपर्यंत.

"वहिनी, त्या काळी कागद वाया जात नव्हता का?"

"जायचा. पण तेव्हा माझं लक्ष नव्हतं कागदाकडे," एवढंच एकदा म्हणाल्या आणि कान लाल करून आत गेल्या.

सर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग लांब राहणाऱ्या लेकीचं नाव. आम्ही हसण्यावारी नेलं. मी तर म्हणालो, सर, तुमच्यासारखं विसरता आलं असतं तर माझा संसार सुखाचा झाला असता. मग एका सकाळी वहिनींनी चहाचा कप पुढे केला तेव्हा सर अर्धवट उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेतलात, बाई?"

शाळेत शिकवणाऱ्या ताई सोडल्या तर बाईमाणसाला सगळे बाईच म्हणतात. सर सुद्धा लग्नाआधी वहिनींना बाई म्हणायचे. लग्नानंतर कधीच नाही. वहिनींना वाटलं थट्टा करताहेत. दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी पुन्हा. बायको त्यांच्या डोक्यातून निघून गेली होती आणि छपाईच्या खोलीतली ती मुलगी तेवढी मागे राहिली होती.

"चला, निदान ओळखतात तरी," मी म्हणालो. माझ्याच्याने दुसरं काय होणार.

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "आणि मान देतात. आधी कुठे उठून उभे राहायचे!"

पण दुपार कलली की सर बिथरायचे. शाळेला उशीर झाला म्हणून शर्टाची बटणं वरखाली लावून दाराशी यायचे, कडी हलवायचे. वहिनी शाळेत, मग आमची ही किंवा मी जाऊन त्यांना बसवायचो. एकदा ते थेट रस्त्यावर गेले आणि कोणाच्या तरी मोटारीला वर्गात गोंधळ घातल्याबद्दल रागावत होते.

त्यावर औषध सापडलं ते अगदी अचानक. शाळेत मुलं चाचणीची उत्तरं छापील पानांवरच लिहितात. ती पानं वर्ष उलटेपर्यंत ठेवतात, मग रद्दी. वहिनींनी एका संध्याकाळी तसली रद्दी घरी आणली, टाचण्या काढायला. सरांनी तो गठ्ठा पाहिला. गपचूप टेबलाशी बसले, खिसे चाचपले, म्हणाले, "बाई, लाल पेन्सिल?"

वहिनींनी दिली. सर तपासायला लागले.

मी त्या संध्याकाळी तिथे होतो. त्या माणसाचा चेहरा मी बघत होतो. सबंध दिवस पाण्यात पाय टेकत नसलेल्या माणसाच्या पायांना जमीन लागावी, तसं काहीतरी झालं. पाठ सरळ झाली. "वेलांटी!" म्हणाले. "अरे, वेलांटी कोण देणार, तुझे काका?" आणि पानाच्या तळाशी शेरा, खाली ती झोकदार वळणाची सही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी वहिनी आल्या की सर दारात. "बाई, गठ्ठा आणलात?"

"आणलाय, सर."

आपल्या नवऱ्याला सर म्हणताना वहिनी पहिले काही दिवस पिशवीतच बघायच्या. मग सवय झाली. तेव्हाच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, समजूतदार होत्या. "न्या हो, रद्दीतच जायचं आहे," म्हणाल्या होत्या.

मी रोज जाऊन बसायचो. सर मला पालक समजायचे. मीही कशाला नाही म्हणतोय! मला नसलेला मुलगा मी त्यांच्यासमोर वाढवला, पाचवीपर्यंत आणला.

"मुलगा हुशार आहे," सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "पण फार बडबडतो. घरात कोणावर गेलाय?"

आमची ही दारात उभी होती. ती हसून हसून भिंतीला टेकली.

आणि एकदा गठ्ठा संपवून, कडा टेबलावर आपटून सारख्या करत सर वहिनींना म्हणाले, "तुमच्यामुळे वेळेत झालं, बाई. नीटनेटक्या आहात. तुमचं लग्न झालंय का हो?"

"झालंय, सर."

"यजमान काय करतात?"

"मास्तर आहेत."

"चांगले आहेत ना?"

"चांगले आहेत," वहिनी म्हणाल्या. "विसराळू आहेत जरा."

"मास्तर असतातच," सर म्हणाले. मी चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

मग शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या. छपाईचा खर्च बघून त्यांनी कपाळाला हात लावला. शाळेचं छप्पर गळतंय आणि पैसे कागदावर चालले आहेत, असं त्या पहिल्याच सभेत म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर चुकीचं बोलल्या नाहीत. छपाई दोन्ही बाजूंनी. एका पानावर दोन चाचण्या, मधून कापायच्या. सूचना फळ्यावर, फारच गरज असेल तर कागदावर. मुलांनी लिहिलेली जुनी पानं रद्दीवाल्याला जाणार नाहीत, कारण त्यांवर मुलांची नावं आणि गुण असतात. त्यांची कोरी पाठ शाळेच्या आतल्या कच्च्या कामाला वापरायची आणि मग कागदाच्या चिंध्या करणाऱ्या यंत्रात घालायची. शाळेचा एक चिटोरा फाटकाबाहेर जायचा नाही.

हे सगळं बघायचं कोणी? वहिनींनी. "तुमच्यासारखी माणसं हवीत," असं मोठ्या बाई भर सभेत म्हणाल्या आणि शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. तळहातावर छापायच्या गोष्टी करणाऱ्यांनी सगळ्यात जोरात.

मी अभिनंदन करायला गेलो. "वहिनी, आता तुमचं राज्य!"

वहिनी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "भावजी, आयुष्यभर हेच म्हणत आले ना मी, कागद वाचवा, कागद वाचवा? आता सगळे वाचवताहेत. दोन्ही बाजूंनी छापलं की पाठकोरं उरत नाही. मी जितकं काम चोख करीन तितका ह्यांचा गठ्ठा बारीक होतो."

"मग करा थोडं कमी चोख."

"ते मला येत नाही हो," त्या म्हणाल्या, आणि ते काही मोठेपणाने नाही. एखाद्याला पोहता येत नाही म्हणून तो जसं सांगतो, तसं.

मग त्यांनी मधली वाट काढली. नवीन पानं कमी झाली तरी कपाटात जुन्या चाचण्या होत्या. संध्याकाळी त्यांतला एक गठ्ठा पिशवीत घालून घरी न्यायचा आणि सकाळी घंटेआधी जागेवर ठेवायचा. "चोरी नाही, उसना नेते," असं मला म्हणाल्या, जसा काही मी पोलीसच. सरांच्या लाल शेऱ्यांची पानं त्या वेगळी काढायच्या, तिरकी रेघ मारायच्या आणि यंत्राच्या खालच्या कप्प्यात ठेवायच्या. खालचा कप्पा फक्त कचेरीच्या कच्च्या कामाला. तिथून काही मुलांच्या हातात जात नाही. हे सगळ्या शाळेला माहीत. म्हणजे, जुन्यांना माहीत.

सरांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं म्हणून वहिनींनी एक दिवस रजा टाकली. त्याच दिवशी पहिलीच्या नव्या ताईंना सूचना छापायची होती. उद्या मुलांबरोबर कात्री आणि डिंक द्या, एवढीच. यंत्राचा वरचा कप्पा रिकामा होता. यंत्राने, कोणी न सांगता, खालच्या कप्प्यातले कागद ओढले. सूचना छान आली. ताईंनी वाटली. पहिलीतली पोरं ती दप्तरात घालून घरी गेली.

घरी आयाबापांनी सूचना वाचली आणि पान उलटलं. मागे लाल शेरे. "हस्ताक्षर गचाळ." "निबंधात स्वतःचा विचार एकही नाही." "वर्गात लक्ष नसते. उद्या पालकांना घेऊन येणे." आणि खाली सही.

पानावर नाव भलत्याच मुलाचं होतं, वर्ग वरचा होता, वर तिरकी रेघ होती. पण लाल अक्षर दिसलं की बाप नाव वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात पालक. घंटावाले सांगत होते आणि आधी आम्ही दोघंही हसत होतो. ही गर्दी! पहिलीच्या त्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले बाप. एक जण म्हणत होता, "माझ्या पोराला अजून जोडाक्षर येत नाही, तो निबंधात विचार कुठून आणणार?" दुसऱ्या एक बाई कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या आणि एकदम म्हणाल्या, "अगंबाई, ही तर आमच्या सरांची सही. सर अजून शिकवतात?" बिचाऱ्या इतक्या हरखल्या की तक्रार करायची विसरल्या.

इथवर आम्ही हसलो. मग घंटावाले चहात बोट घालून साय काढत बसले.

व्हरांड्याच्या टोकाला एक मुलगी उभी होती. पहिलीतली. बापाने एका हाताने तिचं मनगट धरलेलं, दुसऱ्या हातात तो कागद. मुलीच्या गालावर बोटं उठली होती. रडत नव्हती. रात्रीच रडून झालं असावं. वहिनी तेवढ्यात फाटकातून आल्या, खांद्याला पिशवी, पिशवीत रजेच्या आदल्या संध्याकाळी नेलेला गठ्ठा. त्यांनी आधी कागद पाहिला, मग गाल पाहिला.

"काय केलंस गं तू?" त्यांनी मुलीला विचारलं.

"मला नाही माहीत," मुलगी म्हणाली.

वहिनींनी पिशवी छपाईच्या खोलीत ठेवली नाही. तशाच ती घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. घंटावाले दाराबाहेर होते, त्यांची नेहमीची जागा.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला आधी सांगायचंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?"

"नसते म्हणाले."

"म्हणून नाही सांगितलं."

"आता मी काय करू, तुम्हीच सांगा."

"तुम्ही काही करू नका, बाई," वहिनी म्हणाल्या. "त्या मुलीच्या वडलांना तेवढं समजावून सांगा. तिची काही चूक नव्हती म्हणून. आणि तिच्यासमोर सांगा."

मोठ्या बाईंनी ते केलं. वहिनींना कामावरूनही काढलं नाही, हेही सांगायला हवं, कारण मी त्यांना बरीच नावं ठेवून बसलो होतो आणि ती परत घ्यावी लागली. कोरे कागद हवे तेवढे घेऊन जा, असंही त्या म्हणाल्या. पण कोऱ्या कागदात सर काय तपासणार? कपाटातल्या जुन्या चाचण्या मात्र त्याच आठवड्यात चिंध्यांच्या यंत्रात गेल्या. त्या घातल्या वहिनींनीच, एकेक पान, टाचण्या काढून. घंटावाल्यांना राहवलं नाही. म्हणाले, "बाई, एक गठ्ठा मी डब्याच्या पिशवीत टाकून बाहेर काढतो. कोण बघतंय?"

"नको," वहिनी म्हणाल्या.

"सरांसाठी हो."

"ती पोर उभी राहते डोळ्यांसमोर. आता हात धजत नाही." आणि पुढचं पान यंत्रात घातलं.

त्या संध्याकाळी सर दारात होते. "बाई, गठ्ठा?"

"आज नाही, सर. आज चाचणी झाली नाही."

"उद्या?"

"बघते."

ते उद्या काही येईना. मग मी कंबर कसली. म्हटलं, मुलांची अक्षरं नाहीत तर आपली. दुकानातून प्रश्न छापून आणले आणि मी आणि आमची ही, आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर बसून उत्तरं लिहायला लागलो. मी डाव्या हाताने लिहिलं, उजव्या हाताने लिहिलं, तोंडात पेन धरून लिहायचाही विचार होता. मुद्दाम चुका केल्या. काही मुद्दाम कराव्या लागल्या नाहीत. वहिनींनी गठ्ठा पिशवीत घालून, दारातून आल्यासारखं करून, सरांपुढे ठेवला.

सरांनी पहिलं पान घेतलं, दुसरं घेतलं. मग सगळी पानं पत्त्यांसारखी टेबलावर पसरली आणि भुवया वर गेल्या.

"कॉपी," म्हणाले. "सबंध वर्गाने कॉपी केली आहे. हे सगळं दोनच डोक्यांतून आलंय. आणि त्यांतलं एक अगदीच ढ आहे."

आमच्या हिने माझ्याकडे बोट दाखवलं. सरांनी सगळ्यांना शून्य दिलं, माझ्या पानावर "उद्या पालकांना घेऊन येणे" लिहिलं आणि ते माझ्याच हातात दिलं. माझे आईवडील जाऊन किती वर्षं झाली. मी ते पान घडी करून खिशात ठेवलं.

दुसऱ्यांदा आणलेला तसला गठ्ठा सरांनी उघडलाही नाही. हाताने बाजूला सारला. "हे आपलं नाही, बाई," म्हणाले.

त्यानंतर काही दिवस बिथरणं सुरू होतं, दार, कडी, बटणं. आम्ही पुन्हा आळीपाळीने बसायला लागलो. मग तेही कमी झालं. आम्हाला वाटलं, बरं झालं. सर खिडकीशी खुर्ची घेऊन बसून राहायचे. संध्याकाळी वहिनींची चाहूल लागली की पूर्वी उठायचे, आता मान वळवायचे. मग मानही वळेना. "बाई" असं म्हणणंही विरळ होत गेलं. मी घरात असलो आणि त्यांनी एकदा तरी ते म्हटलं की वहिनी माझ्याकडे बघायच्या, ऐकलंत ना, अशा नजरेने. लेकीचा फोन यायचा. "आई, बाबा कसे आहेत?" वहिनी म्हणायच्या, "शांत आहेत." मी समोर असायचो. तो शब्द त्या कसा उच्चारतात ते मला ऐकू यायचं.

परवाची संध्याकाळ. मी सरांजवळ बसलो होतो. माझा नसलेला मुलगा सातवीत गेला, असं त्यांना सांगत होतो आणि ते खिडकीबाहेर बघत होते. कुलूप उघडल्याचा आवाज झाला. वहिनी आत आल्या. दोन्ही हात रिकामे. सरांनी त्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, बारकाईने, जसं एखाद्या अनोळखी दारावरची पाटी वाचावी. मग उठले. मान अजून द्यायचे, तेवढं राहिलं होतं.

"कोण हवंय आपल्याला?"

मी तोंड उघडलं. अशा वेळी काहीतरी बोलून टाकायची माझी सवय.

वहिनी दारातच थांबल्या होत्या. "सरांना भेटायचं होतं," त्या म्हणाल्या.

"सर शाळेत गेलेत. यायला उशीर होईल."

"मग थांबते थोडा वेळ. चालेल?"

"बसा ना, बसा."

वहिनी दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या, पायांतल्या चपला न काढता, पाहुणी बसते तशा टोकावर. त्यांच्याच घरात, त्यांनीच पुसलेल्या त्या खुर्चीवर. सरांनी पाणी आणतो म्हटलं आणि ते आत गेले. आतून बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. मी उठायला लागलो तर वहिनींनी हाताने मला खाली बसवलं.

सर बाहेर आले. हातात काही नव्हतं. कशाला गेलो होतो ते आत कुठेतरी राहून गेलं होतं. खुर्चीवर एक बाई बसलेल्या बघून ते थबकले.

"कोण हवंय आपल्याला?"

"सरांना भेटायचं होतं," वहिनी म्हणाल्या. आवाज तोच, जसं पहिल्यांदाच सांगताहेत.